पुरळ उठण्याआधीचे चार दिवस : गोवर ओळखण्याचा इतिहास

मागच्या वेळी आपण देवीच्या रोगावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला : जुन्या लोकांना देवी आणि गोवर यांतला फरक कळत होता का? तेव्हा आम्ही घाईघाईत ‘हो, बऱ्यापैकी’ असं उत्तर दिलं. नंतर वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की उत्तर चूक नव्हतं, पण प्रश्न अर्धाच होता. पुरळ अंगभर फुलल्यावर फरक ओळखणं फारसं अवघड नाही. देवीचे फोड टणक, खोल, पुढे पू धरणारे. गोवराचं पुरळ बारीक, लालसर, एकमेकांत मिसळत जाणारं. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पोर नुसतं तापलेलं आहे, नाक वाहतंय, खोकतंय, अंगावर अजून काहीच नाही. त्या वेळी हा गोवर आहे हे कोणाला, कधी आणि कशावरून कळलं?

हा प्रश्न हौसेचा नाही. गोवराचा रोगी पुरळ उठायच्या साधारण चार दिवस आधीपासून ते उठल्यावर चार दिवसांपर्यंत दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे संसर्गाचा जवळजवळ निम्मा काळ असा असतो की रोगी रोगी वाटतच नाही, पडशाचा वाटतो. पोर शाळेत जातं, लग्नाला जातं, एसटीत बसतं, दवाखान्याच्या बाकावर दहा पोरांच्या शेजारी बसतं. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो. ज्यांना गोवर झालेला नाही आणि लसही मिळालेली नाही अशा वस्तीत एका रोग्यापासून सरासरी १२ ते १८ जणांना रोग होतो, असा नेहमीचा अंदाज आहे. त्यामुळे पुरळ दिसल्यावर पोराला वेगळं ठेवणं म्हणजे चोर निघून गेल्यावर कडी लावणं. आजच्या व्याख्यानात आपण ही कडी वेळेवर लावायचा प्रयत्न कोणी कोणी केला ते बघणार आहोत.

आपल्या घरांपासूनच सुरुवात करू. गोवराबद्दलची आपल्याकडची जुनी भाषा बघा. ‘गोवर निघाला’, ‘गोवर बाहेर पडू दे’, ‘गोवर आत गेला’. म्हणजे रोग आत आधीपासून आहे, आणि पुरळ हे त्याचं बाहेर येणं आहे, ही समज या बोलण्यातच आहे. ती अगदी खुळी नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस आणि पुरळ उठायला साधारण चौदा दिवस लागतात. आत खरोखरच बरंच काही चाललेलं असतं. आमच्या घरातल्या एक आजी तापलेल्या पोराचे आधी डोळे बघायच्या. डोळे लाल, पाणावलेले, उजेड नको म्हणून मिटलेले असले की म्हणायच्या, ‘याचा ताप साधा नाही, दोन दिवस थांबा.’ अंगाकडे त्या नंतर वळायच्या. ही नजर पुस्तकातून आलेली नव्हती. गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी साथ येत होती, आणि प्रत्येक घरातल्या बाईने ती पाच-सात पोरांवर पाहिलेली होती.

पुस्तकांतही ही नजर सापडते, आणि बरीच जुनी सापडते. आयुर्वेदात देवीला ‘मसूरिका’ म्हणतात. त्याच प्रकरणाला जोडून ‘माधवनिदान’ या ग्रंथात ‘रोमान्तिका’ नावाचा आजार येतो. माधवाचा काळ साधारण सातव्या-आठव्या शतकातला मानतात. वर्णन दोन ओळींचं आहे, पण त्यात काय काय आहे ते पाहा : केसांच्या मुळाशी उठणारे, रोमरंध्राएवढे बारीक, लाल उठाव, बरोबर खोकला आणि अन्नावरची वासना जाणं, आणि या सगळ्याच्या आधी ताप. ताप आधी, पुरळ मागून, हा क्रम त्याने सांगून ठेवलाय. खोकलाही नोंदवलाय. डोळ्यांचा उल्लेख मात्र नाही. आमच्या मते हा देवीसारखा भयंकर रोग नव्हे, म्हणून ग्रंथकाराने तो थोडक्यात उरकला असावा. त्यामुळेच नंतरच्या टीकाकारांनाही त्यावर फार बोलावंसं वाटलं नाही.

त्यानंतरचं मोठं नाव अल्-राझी. आजच्या तेहरानजवळच्या रय गावचा हा वैद्य नवव्या-दहाव्या शतकातला. त्याने देवी आणि गोवर या दोनच रोगांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. अरबीत देवीला ‘जुदरी’ आणि गोवराला ‘हस्बा’. अल्-राझी दोन्ही रोग एकाच घराण्यातले समजत होता, रक्त उकळल्यामुळे होणारे. ती उपपत्ती आपण बाजूला ठेवू. त्याच्या पुस्तकात एक प्रकरण आहे ते मात्र आपल्या विषयाचं : पुरळ फुटणार हे आधीच्या कोणत्या खुणांवरून कळतं? लाल डोळे, पाणी गळणं, खोकला, घसा बसणं, झोपेत दचकणं, पाठदुखी अशी लांब यादी तो देतो, पण ती दोन्ही रोगांची मिळून. मग पुढे फरक सांगतो. पाठदुखी देवीत जास्त. जीव घाबरणं आणि मळमळ गोवरात जास्त. संपला फरक. आज आपल्याला हे अपुरं वाटतं, कारण डोळे आणि खोकला या गोवराच्या खऱ्या खुणा त्याने दोघांत वाटून टाकल्या. पण फोड फुटायच्या आत निदान करता आलं पाहिजे आणि ते उपयोगाचं आहे, हा आग्रह त्याच्यात स्पष्ट आहे. रोगाचं नाव नंतर युरोपात लॅटिनमध्ये ‘मॉर्बिली’ झालं, म्हणजे ‘धाकटा रोग’. मोठा रोग प्लेग. हे ‘धाकटं’ नाव गोवराला फार दिवस चिकटून राहिलं आणि त्याने नुकसानच केलं.

नजरेच्या बाबतीत अल्-राझीच्या पुढे स्पष्टपणे गेलेला माणूस म्हणजे लंडनचा थॉमस सिडनहॅम. १६७० साली लंडनमध्ये गोवराची साथ होती. तिचं वर्णन त्याने १६७६च्या ग्रंथात केलं. सिडनहॅम पोथी बाजूला ठेवून रोग्याच्या खाटेशी बसणारा वैद्य होता. त्याने दिवस मोजले. पहिल्या दिवशी थंडी आणि शहारे. दुसऱ्या दिवशी चढता ताप, तहान, पांढरी जीभ, थोडा खोकला, डोकं आणि डोळे जड, सतत गुंगी. मग शिंका, नाकाडोळ्यांतून अखंड पाणी. आणि हे पाणी गळणं ही गोवराची सर्वांत खात्रीची खूण आहे, असं तो म्हणतो. पुरळ फुटायच्या जरा आधी पापण्या सुजतात. चौथ्या दिवसाच्या सुमारास कपाळावर आणि चेहऱ्यावर पिसू चावल्यासारखे लाल ठिपके. आजचं पाठ्यपुस्तक उघडलं तर जवळजवळ हाच क्रम मिळतो : ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, मग कानामागून आणि केसांच्या रेषेपासून पुरळ सुरू होऊन चेहरा, धड, हातपाय असं खाली उतरत जाणं. सिडनहॅमला विषाणू माहीत नव्हता, हे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात यावर त्याचा भरही नव्हता. तरी वर्णन बिनचूक.

मध्ये एडिंबराच्या फ्रान्सिस होमने १७५८ साली देवीच्या टोचणीसारखी गोवराचीही टोचणी करून पाहिली. गोवराच्या फोडात पू नसतो, म्हणून त्याने रोग्याचं रक्त कापसावर घेऊन निरोगी मुलांच्या दंडावरच्या छेदात ठेवलं. पद्धत टिकली नाही. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही हे सांगायला नकोच.

आता आपण १८४६ साली येऊ, आणि तिथे थोडं रेंगाळू, कारण या कथेतला आमचा सर्वांत आवडता माणूस तिथे आहे. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधोमध समुद्रात फेरो नावाची बेटं आहेत, डेन्मार्कच्या अमलाखालची. तिथे १७८१ सालानंतर गोवर आलाच नव्हता. पासष्ट वर्षं. मार्च १८४६ मध्ये कोपनहेगनहून एक सुतार जहाजाने तिथे आला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला आजारी पडला. त्यानंतर काही महिन्यांत ७,७८२ लोकवस्तीपैकी सुमारे ६,००० लोक गोवराने आजारी पडले. शेतं, होड्या, मेंढ्या सगळं तसंच पडून. डॅनिश सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यातला एक पीटर पानुम, वय पंचविशीतलं, नुकताच पास झालेला.

पानुमला एक सोय मिळाली जी लंडन-पॅरिसच्या डॉक्टरांना कधीच मिळाली नसती. फेरोची गावं म्हणजे फियोर्डच्या काठाला चिकटलेली दहा-पंधरा घरं, मध्ये डोंगर आणि खवळलेला समुद्र. बाहेरचा माणूस येणं ही घटना. कोण कधी आलं, कुठल्या होडीतून आलं, हे गावाला तारखेनिशी आठवायचं. पानुम गावोगाव हिंडला आणि प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी विचारत राहिला : बाहेरचं कोण, कोणत्या दिवशी भेटलं? आणि पुरळ कोणत्या दिवशी उठलं?

एक उदाहरण तो देतो. त्योर्नेविग गावचे दहा पुरुष ४ जूनला एका होडीने वेस्टमनहावनला देवमाशांच्या शिकारीला गेले. १८ जूनला दहाच्या दहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं. त्याआधी दोन ते चार दिवस त्यांना खोकला आणि डोळ्यांची आग होत होती. चौदा दिवस! एका गावात नाही, गावामागून गावात तोच हिशोब. मग त्याला उलटाही हिशोब करता आला : एखाद्या घरात पहिलं पुरळ उठलं की त्यानंतर चौदा दिवसांनी त्याच घरात दुसरी लाट. यावरून त्याने ठरवलं की संसर्ग सर्वांत जास्त पुरळ उठण्याच्या सुमाराला होतो, पूर्वी समजत तसा शेवटी खपल्या-कोंडा पडताना नाही. जुन्या पुस्तकांत ‘कोंडा पडेपर्यंत सांभाळा’ असं असायचं. म्हणजे लोक रोग देऊन झाल्यावर वेगळे राहत होते. पानुमने सगळी काळजी अलीकडच्या टोकाला ओढून आणली.

आणखी एक गोष्ट. १७८१ साली ज्यांना गोवर झाला होता अशी कितीतरी म्हातारी माणसं १८४६ला हयात होती. त्यातलं एकही पुन्हा आजारी पडलं नाही. तेव्हा जे सुटले होते, ते म्हातारे मात्र आता पडले. एकदा झालेला गोवर पासष्ट वर्षं सांभाळतो, याचा इतका स्वच्छ पुरावा कुठल्याही प्रयोगशाळेत मिळाला नसता.

पानुमचा निबंध छापून तीस वर्षं होत आली होती तेव्हाची पुढची गोष्ट. ऑक्टोबर १८७४ मध्ये फिजी बेटं ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. तिथला प्रमुख राजा ठाकोम्बाऊ सिडनीला पाहुणा म्हणून गेला, तिथे त्याला गोवर झाला, बरा झाला. जानेवारी १८७५ मध्ये ‘डायडो’ या ब्रिटिश युद्धनौकेतून तो परतला. जहाजावर त्याच्या मुलाला गोवर निघालेला होता. म्हणजे इथे ओळखण्याचा प्रश्नच नव्हता! काय आहे ते जहाजावर ठाऊक होतं. तरीही बंदरात पिवळं निशाण चढलं नाही, कोणाला अडकवून ठेवलं नाही. राजा परत आला म्हणून बेटाबेटांवरचे सरदार भेटायला जमले, आणि मोठ्या सभा भरवून आपापल्या गावी परतले. त्या परतीच्या वाटेवर ते कोणत्या दिवसांत होते? ताप नाही, पुरळ नाही, फार तर जरासं अंग मोडून आलेलं. सुमारे दीड लाख वस्तीतली ४०,००० माणसं त्या साथीत गेली, असा तेव्हाचा सरकारी अंदाज आहे. लोक ताप उतरावा म्हणून थंड पाण्यात बसत, घरात सगळेच एकदम आडवे झाल्याने अन्नपाणी द्यायला कोणी उरत नसे. पहिला कायम गव्हर्नर आर्थर गॉर्डन आला तो या पडझडीत. फिजीच्या लोकांना मळ्यांवर राबवायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि मजूर आणले हिंदुस्थानातून. १८७९च्या मे महिन्यात ‘लिओनिडास’ जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन पोहोचलं. आज फिजीत हिंदी बोलणारी जी माणसं आहेत त्यांच्या तिथे असण्यामागे हीही साथ आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता न्यूयॉर्क. हेन्री कोपलिक हा बालरोगतज्ज्ञ शहराच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात काम करत होता. तिथे स्थलांतरित ज्यू, इटालियन कुटुंबं एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. याच दवाखान्यातून त्याने १८८९ साली गरीब बाळांसाठी शुद्ध केलेल्या दुधाचं वाटप सुरू केलं होतं. अशा ठिकाणी गोवराचं एक पोर म्हणजे सगळी चाळ. कोपलिकला पुरळ उठायच्या आधीची खूण हवी होती आणि ती त्याला तोंडात सापडली. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लाल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर निळसर-पांढरा, अगदी मोहरीहून बारीक कण. रव्याचे दाणे चिकटल्यासारखे दिसतात असं आपल्याकडचे जुने डॉक्टर सांगायचे. डिसेंबर १८९६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि ठासून लिहिलं की या खुणेने पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधी गोवर ओळखता येतो, आणि ती दुसऱ्या कुठल्याही रोगात दिसत नाही.

हे ठिपके पाहणारा तो पहिला नव्हता. डेन्मार्कचा फ्लिंट आणि मॉस्कोचा निल फिलातोव यांनी आधी पाहिले होते. रशियन पुस्तकांत आजही फिलातोवचं नाव पुढे असतं. हे मान्य करूनही आम्ही कोपलिकच्या बाजूने एक म्हणू. इतरांना ते रोगाच्या वर्णनातला एक तपशील वाटले. याचा उपयोग करून पोराला आज शाळेतून घरी आणा, हे त्याने म्हटलं. आणि बघायचं कसं तेही नीट सांगितलं : खिडकीपाशी, दिवसाच्या स्वच्छ उजेडात. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात ते निळसर कण हरवून जातात. पुरळ फुललं की एक-दोन दिवसांत ठिपके पुसले जातात, म्हणून उशिरा बघणाऱ्याला ते भेटत नाहीत, आणि मग तो म्हणतो ‘असं काही नसतंच.’

पुढचा भाग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १९५४ साली बॉस्टनजवळच्या एका शाळेत साथ आली, तिथल्या एडमन्स्टन आडनावाच्या मुलाच्या रक्तातून एन्डर्स आणि पीबल्स यांनी विषाणू वेगळा केला. १९६३ साली अमेरिकेत लस आली. त्याच वाणापासून पुढे झाग्रेबमध्ये तयार झालेला एडमन्स्टन-झाग्रेब वाण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत आहे. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात १९८५ साली गोवराची लस आली, दुसरा डोस २०१०पासून. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती बऱ्याच जणांना आठवत असेल.

लशीमुळे पोरं वाचली. पण तिच्यामुळे नजर गेली, हेही खरं. वर म्हटलेल्या आजींनी गोवर पन्नास वेळा पाहिला होता. आज पस्तिशीच्या आतल्या कितीतरी आयांनी तो एकदाही पाहिलेला नाही. तरुण डॉक्टरांपैकीही अनेकांनी कोपलिकचे ठिपके फक्त परीक्षेत लिहिलेत. त्यात पुस्तकातली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीवरची. सावळ्या अंगावर पुरळाचा लाल रंग उठून दिसत नाही. हात फिरवला तर खरखरीत लागतं, आणि नंतर तिथली कातडी काळपट होऊन कोंड्यासारखी निघते.

आणि मग २०२२. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी परिसरातून पोरं दगावल्याच्या बातम्या आल्या. करोनाच्या दोन वर्षांत कितीतरी बाळांचे डोस राहिले होते. दाट वस्ती, कुपोषण, आणि गोवर. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून ताप आणि पुरळ असलेली पोरं शोधत होते. व्हिटॅमिन ‘अ’चे डोस दिले गेले, लंडनमध्ये एलिसनने १९३२ सालीच दाखवलं होतं की या जीवनसत्त्वाने गोवरातले मृत्यू कमी होतात, ते विसरून मग १९८०च्या दशकात पुन्हा शोधावं लागलं. नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही साथीच्या भागात जादा डोस देण्यात आला. हे सगळं बरोबरच होतं. पण शोधाची व्याख्या बघा : ताप आणि पुरळ. म्हणजे मोजणी सुरू होते ती पाचव्या दिवशी. म्हणूनच साथीच्या तपासात आजही पानुमचाच हिशोब चालतो. पुरळाच्या तारखेपासून दहा-चौदा दिवस मागे जायचं, पोर कुठे होतं ते विचारायचं. आणि चार दिवस मागे जाऊन, ते कोणाकोणाला भेटलं ते शोधायचं. संपर्कात आलेल्या, लस न झालेल्या मुलाला तीन दिवसांच्या आत लस मिळाली तर रोग टळू शकतो, निदान सौम्य होऊ शकतो.

वेळ होत आलाय, पण पुढच्या रांगेतून चिठ्ठी आलीय : ‘घरी नेमकं काय बघायचं?’ तर, लस राहिलेल्या किंवा एकच डोस झालेल्या मुलाला चढता ताप, बरोबर खोकला, वाहतं नाक आणि लाल, उजेड न सोसणारे डोळे असतील, आणि आसपास गोवर असेल, तर पुरळाची वाट बघू नका. पोराला खिडकीशी घेऊन तोंड उघडायला लावा, चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला करून दाढांसमोर बघा. ठिपके नाही दिसले म्हणजे गोवर नाही असं समजू नका. दवाखान्यात न्यायच्या आधी फोन करून सांगा, म्हणजे ते तुम्हाला बाकावर बसवणार नाहीत. श्वास जोरात चालला, पोर पाणीही घेईना, झटका आला किंवा ग्लानी आली तर मात्र फोनबिन न करता थेट रुग्णालय. खायला-प्यायला बंद करू नका. फोडणी टाकली म्हणून गोवर ‘आत जात’ नाही. आणि बाळाचं कार्ड काढून बघा : पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. राहिला असेल तर पुढच्या बुधवारची किंवा मोहिमेची वाट बघू नका, जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

आणखी कोणाचा प्रश्न? हां, मागून, जरा मोठ्याने बोला.